आजचा तास कोणासाठी? : शिक्षकांची प्रश्नोत्तरे

ठाणे जिल्ह्यातून आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. चार शिक्षकांचे, एक पालकाचा. ‘शिकवण्याची उमेद कशी टिकवायची?’ असं बऱ्याच पत्रांत होतं, त्या सगळ्यांना एकत्रच सांगतो. उमेदीवर माझा फार भरवसा नाही. ती सोमवारी असते आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत नसते. आजच्या तासाला कोणत्या मुलाला नेमकं काय आलं पाहिजे, हे वर्गात शिरण्याआधी ठरलेलं असेल तर पुढचं बोलता येतं.

प्रश्न : कळव्यातल्या एका अनुदानित शाळेत सातवीला गणित शिकवते. पट ५८. काहीही विचारलं की तेच पाच-सहा हात वर येतात, बाकीचे मान खाली घालून वहीत बघतात. अभ्यासक्रम संपवायचा की सगळ्यांना बरोबर घ्यायचं?

उत्तर : आधी एक ओझं उतरवून ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण धरलेलं आहे. ५८ चा वर्ग हा तुमचा दोष नाही. पण उद्याच्या तासालाही समोर ५८ मुलंच असणार, म्हणून त्यातूनच वाट काढू.

हात वर करायला लावणं काही दिवस बंद करा. हात वर येतो, बरोबर उत्तर मिळतं, आपण फळा पुसतो आणि वर्गाला कळलं असं धरून चालतो. कळलेलं असतं त्या पाच-सहा जणांना, आणि त्यांना बहुधा क्लासमध्ये आधीच कळलेलं असतं. त्यापेक्षा प्रश्न विचारा आणि थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं तेव्हा दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हे काम १९७० च्या दशकातलं आहे, आणि आजही कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून पडताळता येतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. फळ्यापाशी उभं राहून थांबून बघा, मग सांगा.

दुसरं, उत्तर सगळ्यांनी लिहायचं. रफ वहीच्या मागच्या पानावर, मोठ्या अक्षरात, आणि वही छातीशी धरायची. समजा तुम्ही १/२ + १/३ दिलंत. तुम्हाला बऱ्याच वह्यांवर २/५ दिसेल. या मुलांना आपण ‘कच्ची’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांनी वरचे अंक वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. म्हणजे त्यांच्याकडे नियम आहे, फक्त चुकीचा आहे. अशा मुलांना छेद समान करायची रीत पुन्हा सांगून काही होत नाही, ती त्यांनी ऐकलेली आहे. विचारा, ‘२/५ हे अर्ध्याहून मोठं की लहान?’ अर्ध्यात आणखी भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? यावर वर्गात जो गलका होईल तो होऊ द्या. शेजारच्या वर्गातले सर डोकावले तर डोकावू देत.

ज्यांची वही कोरी राहिली, त्यांची अडचण सातवीची नाहीच. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचे अहवाल २००५ पासून निघत आहेत. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा धड वाचता येत नाही, असं ते सांगतात. सर्वेक्षण ग्रामीण आहे म्हणून कळवा-मुंब्र्यात सगळं आलबेल आहे असं समजू नका. ज्या ‘प्रथम’ संस्थेने हे काम सुरू केलं ती १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधूनच उभी राहिली. दिवसातला काही वेळ मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता, त्यांना आज जे येतं त्याप्रमाणे गटांत बसवायचं, ही त्यांची पद्धत. तुम्हाला एकटीला रोज ते झेपणार नाही. आठवड्याला दोन तास मात्र काढता येतील. एका गटाला भागाकार, एकाला अपूर्णांक, एकाला पुस्तकातली पुढची उदाहरणं. आणि हुशार मुलांना प्रत्येक वेळी दुसऱ्यांना शिकवायला बसवू नका. त्यांनाही स्वतःचं काहीतरी शिकायचं असतं.

राहिला अभ्यासक्रम. सरावसंचातलं प्रत्येक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं म्हणजे अभ्यासक्रम झाला, हा आपण करून घेतलेला समज आहे. निम्मी उदाहरणं गाळा आणि त्या वेळात वह्या बघा. टाचणात रोज हजेरीपटावरची तीन नावं लिहीत जा, ज्यांच्या बाकापाशी आज थांबायचंच. साधारण महिन्याभरात पूर्ण वर्गाची फेरी होते. सुरुवात शेवटच्या क्रमांकाकडून करा. पहिल्या दहा जणांचा नंबर एरवी लागतोच.

प्रश्न : शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक आहे. दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. शिकवलेलं सगळं पुसलं जातं. कशासाठी शिकवतोय तेच कळेनासं झालंय.

उत्तर : शिक्षणसेवकाच्या १६,००० रुपये मानधनात, घरापासून लांब राहून हा प्रश्न पडला नसता तरच नवल होतं.

तुमच्यासारखाच पेच याच जिल्ह्यात पूर्वी सोडवला गेला आहे. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात असले तरी २०१४ पर्यंत ते ठाण्यातच होते. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं, की वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण कुणाच्या मागे गुरं आहेत, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली आणि गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि शाळा त्यात बसवली. तुम्हाला दिवसाच्या जागी मुलांचं वर्ष पाहावं लागेल.

त्यांचं शैक्षणिक वर्ष जून ते दिवाळी एवढंच आहे, असं धरून नियोजन करा. जाणाऱ्या मुलांची यादी गणपतीच्या सुट्टीआधी तयार हवी. पाड्यावर कोणी भट्टीवाल्याकडून बयाणा घेतलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं, विचारलं की कळतं. या मुलांसाठी पहिल्या सत्रात दोनच गोष्टी : वाचन, आणि संख्यांवरच्या साध्या क्रिया. बाकीचे धडे मागे पडले तर पडू द्या. केंद्रप्रमुखांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे भेटीच्या दिवशी वाद नको. निघण्याआधी मूल सलग चार वाक्यं समजून वाचू लागलं, तर त्यातलं बरंच टिकतं. अक्षरं जोडत अडखळत असतानाच गेलं तर मात्र तुम्ही म्हणता तसं पुसलं जातं. म्हणून काठावर असलेल्या मुलांवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त वेळ घाला.

निघताना प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड द्या. ते भरताना ‘समाधानकारक’ असले शब्द लिहू नका. ‘जोडाक्षरविरहित उतारा वाचतो, हातच्याची वजाबाकी चुकते’ असं लिहा. भट्टीजवळच्या, भिवंडीकडच्या शाळेतल्या बाईंना ते वाचून पहिल्याच दिवशी मूल कुठे बसवायचं हे कळलं पाहिजे. दाखला नाही म्हणून त्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जमलं तर त्या बाईंचा नंबर मिळवून एक फोन करा, कार्डापेक्षा फोन लवकर पोचतो. ‘मुलांना नेऊ नका’ असं पालकांना नुसतं सांगून ते थांबणार नाहीत, अंगावर उचल असते. पण आजी-आजोबा पाड्यावर राहणार असतील तर एखाद-दुसरं मूल मागे राहू शकतं, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने वर पाठवता येते. ठराव पावसाळ्यातच करा. दिवाळीनंतर कागद फिरेपर्यंत पाडा रिकामा झालेला असतो.

मुलं परत आली की पहिल्याच आठवड्यात चाचणी लावू नका. विटांचा हिशेब हजारावर होतो. परत आलेल्या पोराला शंभरापुढचे आकडे शिकवण्याआधी त्याला काय येतं ते तोंडी विचारा. मजुरीचं कौतुक म्हणून नव्हे, शिकवायला कुठून सुरुवात करायची ते कळावं म्हणून.

प्रश्न : ठाण्यातल्या एका महापालिका शाळेत शिक्षक आहे. बीएलओचं (मतदारयादीचं) काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आता जनगणना. प्रत्येक मुलापर्यंत पोहोचा म्हणता, पण वर्गात पोहोचायलाच वेळ मिळत नाही!

उत्तर : राग रास्त आहे. कायदा काय म्हणतो तेवढं नीट माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे जनगणना टळणार नाही. मतदारयादीचं काम मात्र सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलेलं आहे. तोंडी कुरकुर कोणी ऐकत नाही. कोणत्या दिवशी, कोणाच्या आदेशाने, किती तास बुडाले याची वही ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या सहीने दर महिन्याला वर पाठवा. संघटनेलाही भांडायला कागद लागतो.

आणि शाळेपुरता एक नियम सगळ्यांनी मिळून करा : पहिले दोन तास कोणतीही माहिती भरायची नाही, व्हॉट्सअॅपवर ‘तात्काळ’ असं लिहून आली तरी. यातल्या बहुतेक ‘तात्काळ’ला दुपारी उत्तर दिलं तरी चालतं, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

प्रश्न : वाशीतल्या एका खासगी शाळेची मुख्याध्यापिका आहे. काही ज्येष्ठ शिक्षक यंत्रासारखं शिकवतात. एखाद्या नामवंत वक्त्याचं प्रेरणादायी व्याख्यान ठेवावं का? संस्था खर्च करायला तयार आहे.

उत्तर : नको. शाल-श्रीफळ होईल, टाळ्या वाजतील, फोटो निघतील आणि सोमवारी वर्ग होते तसेच असतील. त्या पैशांत वर्गावर्गात वाचायची पुस्तकं घ्या.

आधी तुमच्या तुकड्या बघा. गुणांवरून ‘अ’, ‘ब’, ‘क’ पाडल्या आहेत का, आणि या ज्येष्ठांकडे वर्षानुवर्षं ‘क’च आहे का? तसं असेल तर त्यांना कंटाळा शाळेनेच आणलाय, आणि त्या मुलांनाही आपली जागा कधीच कळून चुकली आहे. पुढच्या जूनमध्ये तुकड्या मिसळा. पालक तक्रार करतील, पहिल्या सहामाहीपर्यंत. मुलं ‘अ’मध्ये असल्याचं काही घरांत बारशापासून ठरलेलं असतं.

दुसरं काम बिनखर्चाचं आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या तासाला मागे बसायचं, मात्र शिक्षकाकडे बघायचं नाही. पूर्ण तासभर एकाच मुलाकडे बघायचं. ते मूल कोणत्या मिनिटाला हरवलं, किती वेळा बोललं, फळ्यावरचं उतरवताना काय चुकलं, शेजाऱ्याकडे कधी पाहिलं. तासानंतर चहा घेताना तेवढंच सांगायचं, शेरा द्यायचा नाही आणि फाइलला लावायचं नाही. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना ‘तुमचं शिकवणं सुधारा’ म्हटलं तर त्या दार लावून घेतात. ‘तुमच्या तासाला तिसऱ्या बाकावरची मुलगी अख्ख्या तासात एकदाही बोलली नाही’ हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी त्या तिच्याकडे बघतातच. सुरुवात तुमच्या स्वतःच्या तासापासून करा. मुख्याध्यापिकेच्या वर्गात आधी कोणीतरी बसू दे.

प्रश्न : ऐरोलीत राहतो. मुलगा चौथीत आहे, वाचताना फार अडखळतो. बाई म्हणतात, लक्ष नाही. त्याला मागे बसवलंय. बाईंशी कसं बोलू? बोललो तर त्याच्यावर राग काढतील अशी हिला भीती वाटते.

उत्तर : बोलण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारी कितीतरी मुलं ‘लक्ष नाही’ या शेऱ्याखाली वर्षं काढतात. ते ठीक असेल आणि तोंडी सगळं येत असूनही वाचन-लेखनच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. वेळ मिळायला थांबावं लागतं, म्हणून नाव आधी नोंदवा. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. शिकवण्याची पद्धत मात्र प्रमाणपत्राने बदलत नाही, त्यासाठी बाई लागतातच.

म्हणून बाईंकडे तक्रार घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा. आठवडाभर घरी रोज दहा ओळी मोठ्याने वाचून घ्या आणि तो कुठे अडतो ते लिहा : जोडाक्षरं, वेलांट्या, ‘ब’ आणि ‘व’ची गल्लत, ओळ सुटणं. हातात असं काही असलं की बोलणं रागावर जात नाही, वाचनावर राहतं. पुढच्या बाकावर बसवायची विनंती त्याच वेळी करा, पंधरा दिवसांपुरती म्हणा. पालकसभेच्या गर्दीत हे काढू नका. डायरीत लिहून वेळ मागा आणि शाळा सुटल्यावर दोघांनीही जा.