ओपेथचे सगळे अल्बम पुन्हा ऐकायचे आहेत, क्रम कोणता ठेवू?

सरळ प्रकाशनाच्या क्रमानेच ऐका: १९९५च्या 'ऑर्किड'पासून २०२४च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'पर्यंत, एकूण १४. स्टॉकहोमचा हा मेटल बँड कसा बदलत गेला, ते तसंच कळतं. 'ब्लॅकवॉटर पार्क'ला (२००१) मात्र दोन संध्याकाळी द्या. ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन निर्मितीत आला आणि गायक मिकेल ओकरफेल्टचा स्वच्छ आवाज त्याच्याच मेटल पद्धतीच्या गुरगुरत्या गाण्याशेजारी किती हळवा वाटू लागला! 'डिलिव्हरन्स' आणि 'डॅम्नेशन' लागोपाठच ऐका. एकाच काळात ध्वनिमुद्रित झालेले, एक कडवा, दुसरा पूर्ण शांत. 'हेरिटेज'पासून (२०११) गुरगुरणं थांबलं, म्हणून मीही तेव्हा रुसलो होतो. आता त्यातला सत्तरच्या दशकाचा रंग मनापासून आवडतो. शेवटच्या अल्बममध्ये तो गुरगुरता आवाज परततो तेव्हा अंगावर काटा येतो.