स्कॉटलंड गेलं की लेबर पार्टी संपली?

प्रश्न : माझा मुलगा ग्लासगोला मास्टर्स करतोय. तो सांगतो की त्याच्या ओळखीतले बरेच जण स्वतंत्र स्कॉटलंडवाले आहेत. मला विचारायचंय की उद्या खरंच स्कॉटलंड वेगळं झालं तर लेबर पार्टी संपेल ना, आणि लंडनमध्ये कायम टोरीच (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष) येतील ना? तिकडच्या सीटांवरच लेबर जगते असं कायम ऐकत आलोय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, हे मीही खूप वर्षं खरं मानत होतो, मग एकदा आकडे घेऊन बसलो आणि चित्र वेगळंच निघालं. 1997 ला लेबरच्या ब्लेअरना 418 जागा, त्यातल्या स्कॉटलंडच्या 56 काढल्या तरी बहुमत आरामात राहतं. 2005 ला राहतं, 2024 ला तर 411 मधून 37 गेल्या तरी काही फरक पडत नाही. फरक पडतो तो काठावरच्या निवडणुकांत, जसं की 1964, 1974 आणि 2010. 2010 ला स्कॉटलंड नसतं तर टोरींच्या कॅमेरूनना कुणाचा हात धरावाच लागला नसता, त्यांना तिकडे 59 पैकी एकच जागा होती. आणि टोरी तिकडे कायमच दुबळे होते असंही नाही, 1955 ला स्कॉटलंडमध्ये निम्म्याहून जास्त मतं त्यांनाच होती.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. पक्षांची मोडतोड व्हायला स्वातंत्र्य मिळावंच लागतं असं नाही, नुसता प्रश्न मतपेटीत आला तरी पुरतं. 18 सप्टेंबर 2014 च्या सार्वमतात 55 टक्के लोकांनी स्वातंत्र्याला ‘नको’ म्हटलं, म्हणजे स्वातंत्र्यवाले हरले, आणि आठच महिन्यांत ब्रिटनच्या लोकसभेसारख्या निवडणुकीत एसएनपीने (स्कॉटिश नॅशनल पार्टी, स्वातंत्र्यवाल्यांचा पक्ष) 59 पैकी 56 जागा नेल्या, लेबर 41 वरून 1 वर! कारण लेबरने टोरींच्या मांडीला मांडी लावून ‘नको’चा प्रचार केला होता, ते तिथल्या कामगार वस्त्यांना अजिबात सहन झालं नाही. ग्लासगोला लागूनच पेझली आहे, तिथे लेबरच्या अख्ख्या प्रचाराची सूत्रं हलवणारे डग्लस अलेक्झांडर पडले ते मॅरी ब्लॅक नावाच्या 20 वर्षांच्या मुलीकडून, तिची कॉलेजची शेवटची परीक्षा अजून बाकी होती. आणि तिकडे इंग्लंडमध्ये टोरींनी पोस्टर लावलं, एसएनपीचे माजी नेते सॅमंड यांच्या खिशात बसलेला लेबरचा नेता मिलिबँड. म्हणजे लेबरला दोन्हीकडून मार.

आमच्या प्रश्नांवर स्कॉटलंडचे खासदार मत देतात, ही इंग्लंडच्या लोकांची तक्रारही अगदीच खोटी नाही हां. 2004 ला इंग्लंडच्या विद्यार्थ्यांची फी 3000 पौंडांपर्यंत वाढवायचं बिल दुसऱ्या वाचनात 316 विरुद्ध 311 असं पाच मतांनी तरलं, आणि त्या 316 मध्ये स्कॉटलंडचे लेबर खासदार होते ज्यांच्या स्वतःच्या मतदारांच्या पोरांना स्कॉटलंडमध्ये शिकताना ही फी लागूच नव्हती, कारण तिकडचं शिक्षणखातं एडिनबरातल्या स्कॉटलंडच्या वेगळ्या पार्लमेंटकडे. मला तरी हा अन्याय वाटतो.

आता वेगळं झाल्यावर काय, तर माझ्या मते सगळ्यात मोठी फूट एसएनपीतच पडेल. डावे, उजवे, शहरातले, मच्छीमार गावांतले सगळे एका मागणीवर एकत्र आहेत, ती पुरी झाली की धरून ठेवणार काय? आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र समितीचं हेच झालं ना, शेकाप, कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, रिपब्लिकन सगळे एका झेंड्याखाली, 1960 ला राज्य मिळालं, समिती विस्कटली आणि 1962 ला काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. आयर्लंडमध्ये तर 1922 ला शिन फेन ब्रिटनशी झालेल्या करारावरून फुटली, यादवी झाली, आणि त्या भांडणातून निघालेले फियाना फॉल आणि फिन गेल हे दोन पक्ष आलटून पालटून राज्य करत राहिले, एका सरकारात बसले ते थेट 2020 ला.

लगेच काही होईल असं मात्र नाही, लंडनच्या परवानगीशिवाय सार्वमत घेता येणार नाही असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2022 ला सांगितलंय. आणि हो, 2014 ला तिथे राहणाऱ्या भारतीयांना मत होतं, लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला नव्हतं. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुमच्या मुलालाही तिथल्या निवडणुकांत मत देता येतं, यादीत नाव घातलं नसेल तर आज फोनवर आधी तेवढं विचारा.