तट बांधण्याआधी डबा मोजा

टेबलावरील युद्धखेळासाठी किल्ल्याचे तट करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा येत असल्याने काही निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे सैनिक २८ मिमीचे आहेत आणि मला कॉन्स्टॅन्टिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) तट करायचा आहे. भिंत किती उंच ठेवावी? (डोंबिवली)

उत्तर : रोमन सम्राट दुसऱ्या थिओडोशियसच्या काळात, पाचव्या शतकात उभारलेल्या या तटाची आतली भिंत सुमारे १२ मीटर उंच आणि ५ मीटर जाड आहे, तर दोन बुरुजांमधले अंतर साधारण ५५ मीटर आहे. २८ मिमीच्या सैनिकांना जुळणाऱ्या १:५६ या प्रमाणात तंतोतंत उतरवायचे म्हटले, तर भिंत २१ सेंमी उंच व ९ सेंमी जाड होते आणि बुरुजांमधले अंतर ९८ सेंमी भरते. म्हणजे ६ × ४ फुटी टेबलाच्या आखूड बाजूला एक भिंत आणि दोन बुरूज बसले की जागा संपली. त्यामुळे उंची व लांबी आखडती घ्यावी. सैनिकाच्या चौपट, म्हणजे सुमारे १२ सेंमी उंचीची भिंत डोळ्यांना पुरेशी बुलंद वाटते, लांबी ३० सेंमी ठेवावी आणि बुरूज १८ सेंमीपर्यंत न्यावेत. आखडू नये अशी गोष्ट एकच, ती म्हणजे फांजीची, म्हणजे तटाच्या माथ्यावरून चालायच्या वाटेची रुंदी. सैनिकाची बैठक (पायाखालची चकती) २५ मिमीची असेल, तर चर्यांची, म्हणजे माथ्यावरच्या दातेरी कठड्याची जाडी सोडून फांजी किमान ३ सेंमी हवी. नाहीतर तटावर सैनिक उभाच राहणार नाही. आपल्या गटातील इतरांच्या बैठका मोजून आणि त्यांच्याशी बोलूनच माप पक्के करावे.

प्रश्न : साधा थर्माकोल चालेल का? (नाशिक)

उत्तर : आतल्या भरावासाठी चालेल, दगड कोरण्यासाठी चालणार नाही, त्याचे मणी सुटतात.

प्रश्न : फोमवर थेट स्प्रे पेंट मारावा का? (सोलापूर)

उत्तर : नाही. त्यातील सॉल्व्हंटने फोम विरघळतो; आधी पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात द्यावेत आणि तरीही आधी तुकड्यावर पाहावे.

प्रश्न : ‘खास मॉडेलिंगचा आयात केलेला फोम’ म्हणून एक विक्रेता लहानशा तुकड्याला बरीच किंमत सांगतो. घ्यावा का? (ठाणे)

उत्तर : ‘खास’ या शब्दाला पैसे देऊ नयेत. आपल्याला हवा तो एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन), म्हणजे गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरला जाणारा फोम. तो गुलाबी, निळा, कोणत्याही रंगाचा असू शकतो आणि रंगावरून दर्जा ठरत नाही. कोपरा मोडून पाहावा. मोडलेल्या कडेवर गोल मणी दिसले, तर तो कितीही घट्ट असला तरी थर्माकोलच आहे; कड एकसारखी बारीक दाणेदार दिसली, तर एक्सपीएस आहे. ‘हाय डेन्सिटी’ असे लेबल लावून पहिल्याला दुसऱ्याच्या भावात विकण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. उष्णतारोधनाचे काम करणाऱ्या ठेकेदाराला विचारावे. त्याच्याकडे उरलेले तुकडे असतात आणि जाडीबद्दल त्याचा सल्ला विक्रेत्यापेक्षा भरवशाचा असतो.

प्रश्न : तीन फूट लांबीचा, चार बुरुजांचा तट एकसंध बांधून झाला आहे, फक्त रंग राहिला आहे. घरात ठेवायला जागा नाही. माळ्यावर ठेवला तर चालेल का, की कापावा लागेल? (पुणे)

उत्तर : कापावा लागेल, आणि रंग देण्याआधी कापावा लागेल. हा प्रश्न मला नेहमी तट बांधून झाल्यावरच विचारला जातो, याचे फार वाईट वाटते. साठवण हा शेवटी सोडवायचा प्रश्न नाही; सर्व मापे तिच्यापासून सुरू होतात. माझा पहिला किल्ला असाच एकसंध होता आणि कपाटावर दोन उन्हाळे काढल्यावर मधोमध बोटभर वाकला. फळीच्या एकाच बाजूला पाण्यातला गोंद आणि रंग बसला होता. तो सुकताना फळी त्या बाजूला ओढली गेली. रंग देताना खालची बाजूही रंगवावी, हे मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

आता पद्धत सांगतो. आधी डबा आणावा आणि आतून, तळाशी मोजावा. डब्यावर छापलेले माप बाहेरचे असते; बहुतेक प्लास्टिकचे डबे खाली निमुळते होत जातात आणि तळाशी सहज दोन-तीन सेंमी कमी भरतात. तळाशी ३२ × ३० सेंमी आणि खोलीला ११ सेंमी मिळाले, तर भिंत अशी ठरवावी : लांबी ३० सेंमी, चर्यांसकट उंची १४ सेंमी, आतली बाजू सरळ, बाहेरची बाजू उतरती, तळाची जाडी ६ सेंमी व माथ्याची ४ सेंमी. अशी एक भिंत आतल्या बाजूवर आडवी ठेवावी आणि दुसरी तिच्यावर उलट टोकाने, उतार उताराला टेकवून पालथी घालावी. जिथे एक जाड तिथे दुसरी पातळ, त्यामुळे जोडीची जाडी सगळीकडे १० सेंमीच भरते, ती डुगडुगत नाही आणि चर्यांवर भार येत नाही. अशा दोन जोड्या शेजारी शेजारी बसतात, म्हणजे एका डब्यात चार भिंती.

सांधा भिंतीत ठेवू नये, बुरुजात ठेवावा. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या आतल्या तटाचे बरेच बुरूज चौकोनीच आहेत, ते आपल्या सोयीचे आहे. ९ सेंमी बाजूच्या बुरुजाला जिथे भिंत भिडते तिथे १ सेंमी खोल खाच ठेवली, की भिंतीचे टोक आत सरकते आणि फट दिसत नाही. तीन भिंती आणि चार बुरूज जोडल्यावर बरोबर १२० सेंमी होतात, म्हणजे टेबलाची आखूड बाजू जवळजवळ पूर्ण भरते. बुरूज आतून पोकळ ठेवावेत; शिड्या आणि दरवाजाची दारे त्यातच राहतात.

भिंतींमध्ये बबल रॅप घालू नये. एका पावसाळ्यानंतर मी डबा उघडला, तेव्हा करड्या दगडांवर प्रत्येक बुडबुड्याचा गोल ठसा उमटला होता आणि उलगडताना दोन ठिकाणी रंग प्लास्टिकबरोबर निघून आला. अ‍ॅक्रिलिक रंग उकाड्यात चिकट होतो. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालावा. आपल्या तटाला करवत लावण्यापूर्वी कापण्याच्या रेघा कागदावर काढून, असे काम केलेल्या एखाद्या जाणकाराला दाखवाव्यात. भिंतीऐवजी बुरुजाच्या कडेला कापता आले, तर बरेच काम वाचेल.

प्रश्न : कसर लागू नये म्हणून डब्यात डांबरगोळ्या ठेवाव्यात, असे एका मित्राने सांगितले. किती ठेवाव्यात? (रत्नागिरी)

उत्तर : एकही नाही. ही ऐकीव माहिती घराघरांत फिरते आणि कपड्यांची सवय लोक फोमला लावतात. नॅफ्थलिन किंवा पॅराडायक्लोरोबेंझिन, गोळी कशाचीही असो, बंद डब्यात तिच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडून खराब होऊ शकते. कसर येते ती खळीवर आणि कागदावर. म्हणून खळ वापरू नये, पुठ्ठ्याऐवजी फोम वापरावा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात बदलाव्यात. घरात वाळवीच असेल, तर कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे.

प्रश्न : तापत्या तारेने बंद खोलीत फोम कापतो, कारण पंख्याने तार थंड होते. मुलीला दमा आहे. मास्क लावला तर पुरे का? (नागपूर)

उत्तर : पुरे नाही. जास्त तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ निघते आणि साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. धूर दिसत असेल, तर तार गरजेपेक्षा जास्त तापली आहे. ताप कमी करावा, सावकाश कापावे, आणि तेही गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी, मुलगी घरात नसताना. सनबोर्ड मात्र तापत्या तारेने कधीही कापू नये. तो सहसा पीव्हीसीचा असतो आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. मुलीच्या डॉक्टरांना या कामाबद्दल स्पष्ट सांगावे आणि त्यांनी नको म्हटले, तर धारदार पात्यानेच कापावे.

प्रश्न : दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. तोच युद्धखेळाला वापरता येईल का? (सांगली)

उत्तर : माती साठवता येत नाही, पण आराखडा साठवता येतो. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी आणि चिलखती (बाहेरून दुसऱ्या भिंतीचे कवच असलेले) बुरूज मुलांकडून मातीत उभे करून घ्यावेत, सैनिक ठेवून कुठे अडते ते पाहावे आणि मग तेच माप फोममध्ये उतरवावे. शक्य असेल, तर त्याआधी गडाची माहिती असणाऱ्या एखाद्या दुर्गअभ्यासकाशी बोलावे. माचीवरचा उतार छायाचित्रात कळत नाही.

प्रश्न : भिंती जोडायला ५ × २ मिमीचे निओडायमियम चुंबक वापरले. त्यातले दोन निघाले आहेत आणि परवापासून सापडत नाहीत. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, पण तो नीट खेळतो, जेवतो. थांबून पाहावे का? (बेळगाव)

उत्तर : थांबू नये. हे वाचत असाल तेव्हाच निघावे. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकते. सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसू शकते. रुग्णालयात पोहोचल्यावर ‘चुंबक, एकापेक्षा जास्त असू शकतात’ हे पहिल्या वाक्यात सांगावे आणि उरलेल्यांपैकी एक चुंबक डबीत बंद करून दाखवायला न्यावा. घरी उलटी करवू नये, जुलाबाचे औषध देऊ नये, केळे खाऊ घालण्याचा सल्ला ऐकू नये. दोन दिवस आधीच गेले आहेत. तटाच्या सांध्यांसाठी चुंबकाची गरज नसते, वर सांगितलेली खाच पुरते. ते बदल मुलाची तपासणी झाल्यावर करता येतील.