वेळासची सहल काढण्याआधी

अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दाखवणारा जो कासव महोत्सव असतो, त्याच्या तुझ्या सहलीचं पत्रक वाचलं. आखणी नेटकी आहे, पण ‘पिल्लं हमखास पाहा’ ही पहिलीच ओळ आधी खोडून टाक.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारी गावातली माणसं, ती अंडी गोळा करून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात. पिल्लं वर यायला पन्नासेक दिवस लागतात, पण वाळू थंड राहिली तर मुक्काम लांबतो. म्हणजे तुझ्या शनिवारी काय घडेल, हे तिथल्या माणसालाही सांगता येत नाही. पुण्यात बसून तू हमी दिलीस की ती वसूल होते कासवमित्राकडून. ‘एवढ्या लांबून आलोय, सकाळची पिल्लं संध्याकाळपर्यंत ठेवा ना!’ अशी गळ घातली जाते. पोहून दूर जाण्यासाठी पिल्लाजवळ ताकदीची जेमतेम शिदोरी असते. ती टोपलीत चुळबुळ करण्यात संपली तर पुढे काय? ‘दिसली तर भाग्य’ असं सरळ लिही. चार बुकिंग कमी होतील, होऊ देत. बाणकोटचा किल्ला आहे, वेश्वीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव आहे. दोन दिवस सहज भरतात.

आता मुक्कामाचं. पाहुण्यांना हरिहरेश्वरच्या रिसॉर्टवर ठेवून पहाटे तासभर वेळासला आणायचं, हे तुझं गणित मला पटलेलं नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं, त्याआधी ही अंडी खायला नि विकायला जात. संवर्धन टिकलं त्यात घराघरांत उतरणाऱ्या पाहुण्यांचा वाटा मोठा आहे. तू फक्त तासभर आलास तर गावाच्या वाट्याला गाड्यांची गर्दी आणि प्लास्टिकच्या बाटल्या. रात्र गावातच काढ. घरमालकाशी थेट बोल, आगाऊ पैसे दे, दरावरून घासाघीस करू नकोस. तुझी कमाई पाहुण्याकडून घे, त्या घरातून कमिशन कापू नकोस.

किती माणसं, शाकाहारी किती, हे आदल्या दिवशी कळव. कोकणातल्या घरी पनीर मागणाऱ्यांना तू आधीच समजाव. कुळथाचं पिठलं, घावणे, सोलकढी मिळत असताना पनीर कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी जपून वापरायचं असतं, तेही निघण्यापूर्वीच सांग.

पन्नास आसनांची बस नको, टेम्पो ट्रॅव्हलर पुरे. आणि शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धर. शनिवार-रविवारी सगळेच येतात, मधल्या वारी घरं रिकामी असतात. निवृत्त मंडळींना रजेची अडचण नाही, त्यांच्यापासून सुरुवात कर.

किनाऱ्यावर फ्लॅश नाही, रात्री टॉर्च नाही, पिल्लाला हात नाही. समुद्री कासवांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे गाडीतच सांगून टाक. वाळूवर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

पत्रक सुधारलंस की पाठव. दर वाढवावा लागला तर वाढव, पण कशासाठी वाढवला ते त्यात लिही.