आधी मैदान बघा, मग स्टड

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा आहे. सोसायटीशेजारच्या टर्फवर आठवड्यातून चार दिवस फुटबॉल खेळतो. चांगले महागाचे बूट घेऊन दिले, तरी वळताना पाय अडकतो म्हणतो आणि महिनाभर गुडघा दुखतोय. दुकानदार म्हणतात, सवय होईल. काय करावं?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सवय होणार नाही, आणि होऊ देऊही नका. बुटाच्या जिभेवरचं किंवा खोक्यावरचं लेबल वाचा. तिथे बहुधा 'एफजी' असेल. म्हणजे हे बूट नैसर्गिक गवताच्या घट्ट मैदानासाठी बनवलेले आहेत. त्याचे स्टड, म्हणजे तळाची टोकं, मोजके आणि साधारण सेंटीमीटरभर उंच असतात. मातीत ते रुततात, आणि खेळाडू गर्रकन वळला की माती थोडी सरकून त्यांना सोडते. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2017 सालच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही तिथेच झाली. त्या मैदानावर खरं गवत आहे. टीव्हीवर दिसणारे बूट तशा मैदानाचे.

तुमच्या शेजारचं टर्फ वेगळं. तिथे प्लॅस्टिकचे धागे, त्यात वाळू आणि काळे रबराचे दाणे, आणि खाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट. स्टड धाग्यांत अडकतो, पण माती नसल्यामुळे सुटायला वाव नाही. पाऊल जागच्या जागी राहतं, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. शिवाय दाण्यांचा थर पातळ असेल तर स्टड पूर्ण रुततच नाहीत. सगळं वजन त्या मोजक्या टोकांवर पडतं आणि चवड्याखाली टोचत राहतं.

बूट घेण्याआधी टर्फवर जाऊन दाण्यांत बोट खुपसा. नखभर आत गेल्यावरच खालचा कडक भाग लागला, तर 'टीएफ' घ्या: तळाला रबराच्या आखूड बोंडांची दाटी आणि टाचेखाली फोमचा थर. आपल्याकडच्या पाच-सहा जणांच्या बहुतेक टर्फना हेच लागू पडतात. बोटाचं पहिलं पेर सहज बुडत असेल, म्हणजे पूर्ण आकाराचं, जाड थराचं मैदान असेल, तर 'एजी' चालतील. त्यांचे स्टड एफजीपेक्षा आखूड आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे भार वाटला जातो. 'एमजी' ही तडजोड आहे, गवत आणि टर्फ अशा दोन्ही मैदानांवर खेळणाऱ्यालाच ती परवडते. आणखी एक, एफजी टर्फवर वापरून स्टड तुटला तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी मानत नाहीत.

मात्र महिनाभर दुखणारा गुडघा नुसते बूट बदलून बरा होईल असं धरून चालू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत खेळ थांबवा. सूज असेल किंवा गुडघा लचकत असेल तर लगेच जा.

प्रश्न : दर जुलैत बुटाचा सोल पुढून उघडतो. दोन वर्षांत दोन जोड गेले. पावसात खेळायचंच नाही का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : खेळा, पण बूट वाळवायची पद्धत बदला. चवड्याजवळ बूट प्रत्येक पावलाला वाकतो, म्हणून चिकटवलेला जोड तिथेच आधी सुटतो. त्यात पाणी मुरलं आणि ओला बूट दुसऱ्या दिवशी तसाच घातला, की फट वाढते.

घरी आल्यावर चिखल ओला असतानाच मऊ ब्रशने काढा. लेस पूर्ण सैल करा, आतला इनसोल बाहेर काढा. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि बूट रात्रभर पंख्याखाली ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, फ्रिजची मागची बाजू हे सगळं टाळा, कारण उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि वरचं मटेरियल आखडतं. पिशवीत बंद करून ठेवलेला बूट सगळ्यात लवकर जातो. पावसाळ्यात सलग दिवस खेळत असाल तर दोन स्वस्त जोड आलटूनपालटून वापरा, एका महागड्या जोडीपेक्षा ते जास्त टिकतात.

दर आठवड्याला बूट हाताने वाकवून पुढची कड बघा. केसाएवढी फट दिसली की त्याच दिवशी मोच्याकडे न्या. जुना गोंद खरवडून, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून, ते थोडं सुकू देऊन मग दाबायचं आणि 24 तास बूट घालायचा नाही. झटपट चिकटणारा गोंद घरी लावू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि वाकताना तडकतो.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची. पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठे घेऊन दोन मोजे घातले तर?
– एक आई, कळवा

उत्तर : नको. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो. बरोबर मापात पुढे 5 ते 8 मिलिमीटर जागा असतेच. त्यात आणखी एक नंबर वाढवला की थांबताना पाय पुढे घसरतो, अंगठ्याचं नख काळं पडतं आणि टाचेला फोड येतात. इनसोल बाहेर काढून मुलीला त्यावर उभं करा, पुढे किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसेल. दुकानात संध्याकाळी जा, खेळायचेच मोजे घालून. या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि कडक जमिनीवर ते दुखू शकतं, तेव्हा मुलगी टाच टेकवायचं टाळू लागली तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : लेदर की सिंथेटिक?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपल्या पावसात सिंथेटिक. लेदर पायाला छान बसतं, पण पाणी पिऊन जड होतं आणि वापरून सैल पडतं. घेणारच असाल तर पहिल्या दिवशी किंचित घट्ट वाटेल असंच घ्या.