दुखण्याचाही खाडा मांडून ने

“ताई, माझं वय २४, लग्न झालेलं नाही. शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. पाळीचे पहिले दोन दिवस उभं राहवत नाही, संडासला बसलं तरी कळ मस्तकात जाते. आई म्हणते, लग्न झालं की थांबेल. आमच्या डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिसची शंका आहे. त्यांनी राजारामपुरीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिलीय. सोमवारी जायचंय. आतून तपासतील का? आईसमोर सगळं विचारतील का? भीतीनं झोप नाही.”

अगं, सगळ्यात आधी भीतीचंच बोलू. तुझ्या संमतीशिवाय कुणीही आतून तपासणार नाही. लग्न झालंय का, शरीरसंबंध आलाय का, हे डॉक्टर विचारतात ते तपासणी कशी करायची हे ठरवायला. संबंध आलेला नसेल तर बहुतेक वेळा पोटावरून हात लावून बघतात आणि सोनोग्राफीही पोटावरूनच करतात. त्यासाठी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. पोटावर गार जेल लावतात, दुखत नाही. दुसरी काही तपासणी सुचवली तर “कशासाठी?” असं विचार. नको वाटलं तर नको म्हण. पाळी चालू असली तरी अपॉइंटमेंट पुढं ढकलू नकोस.

आता आईचं. ती खोटं सांगत नाही, तिलाही तिच्या आईनं हेच सांगितलं असणार. पण महिन्याला दोन सुट्ट्या टाकायला लावणारं दुखणं लग्नानं जात नाही, आणि बाळंतपण हाही त्यावरचा उपाय नव्हे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, अंडाशयावर किंवा आतड्याजवळसुद्धा. पाळीत तिथंही सूज येते. म्हणून तर संडासच्या वेळची कळ. मला लिहिलंस तसंच डॉक्टरांनाही सांग, लाजू नकोस, निदानाला ती गोष्ट फार कामाची आहे. जननक्षम वयातल्या दहा बायकांत साधारण एकीला हा आजार असतो, तरी तो ओळखायला वर्षंच्या वर्षं जातात. माझ्या धाकट्या बहिणीला कितीतरी दिवस “गॅसेस आहेत” म्हणून परत पाठवत होते. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

म्हणून एक काम आजच कर. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई दुधाचा खाडा लिहिते ना, तसा तू दुखण्याचा लिही. गेल्या तीन महिन्यांत पाळी कधी आली, किती दिवस, दहापैकी किती दुखलं, कुठली गोळी किती घेतली, कामावर कितीदा गेली नाहीस. “खूप दुखतं” म्हटलं की ऐकणारा मान हलवतो. “जूनमध्ये तीन दिवस, सहा गोळ्या, दोन रजा” म्हटलं की तो लिहून घेतो.

सोनोग्राफी नॉर्मल आली तर “काही नाही” असं समजून घरी येऊ नकोस. अंडाशयात रक्ताची गाठ असेल तर ती दिसते, बारीक ठिपके मात्र बऱ्याचदा दिसतच नाहीत. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं. त्यामुळं पहिल्याच दिवशी ऑपरेशनचं नाव निघेल असं नाही. बहुतेक वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या देतील. त्यात गर्भनिरोधक गोळ्याही असू शकतात, पाकीट बघून आई दचकेल. तिला सांग, या दुखण्यासाठी आहेत, त्यांनी वांझपण येत नाही. सुरुवातीला मधेच थोडं रक्त दिसू शकतं, त्याबद्दल आधीच विचारून ठेव. या आजारात काहींना दिवस राहायला वेळ लागतो, पण पुष्कळ जणींना मुलं होतात.

खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही स्त्रीरोग विभाग आहे.

आणि आईला बाहेर बसायला सांगणं जिवावर येत असेल, तर केसपेपर काढतानाच सिस्टरना हळूच सांग, “मला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीला बोलायचंय.” पुढचं त्या बघतात.