पहिल्यांदा पंच म्हणून उभा राहतोयस तर

भाऊ, जालन्याच्या ऑटोक्रॉसला (शंकू मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळ लावून होणारी गाड्यांची शर्यत) पंच व्हायचं ठरवलंस, लई चांगलं केलंस. सगळं नियमपुस्तक आत्ताच पाठ करत बसू नको.

आधी एक पक्कं धर: चूक बघायची, नुकसान नाही. 2021 ला इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वन शर्यतीत हॅमिल्टन या चालकाशी टक्कर होऊन दुसरा चालक वर्स्टॅपेन कठड्यावर आदळला, दवाखान्यात गेला. हॅमिल्टनला 10 सेकंदांचा दंड झाला, तरी शर्यत तोच जिंकला. लोक भडकले. पण दंड हा दोषाच्या मापानं लागतो, गाडीच्या चुराड्याच्या मापानं नाही.

नवे पंच चुकतात ते इथं:

- सकाळी एक माप, दुपारी दुसरं. माझ्याकडून हे झालंय. सकाळी नुसता हललेला शंकू मी सोडून दिला, आणि शेवटच्या फेरीत तसाच हललेल्या शंकूला 5 सेकंद लावले. हेल्मेट काढून माझ्याकडं बघत राहिलेलं ते पोरगं अजून डोळ्यासमोर आहे.
- ऐकीव गोष्टीवर दंड. स्वतः पाहिलं नसेल तर लावायचा नाही.
- नंतर लिहू म्हणणं. गाडीचा नंबर, फेरी, काय दिसलं, तिथल्या तिथं वहीत.

अपिलांचं पुढच्या वेळी सांगतो. रविवारी माझ्याच वळणावर थांब.